कोबॉलवाले, फोर्ट्रानवाले आणि आमचं रोप

वाचकहो, मला चार भाषा येतात! मराठी आईकडून आली. इंग्रजी खालापूरच्या शाळेत छडीच्या साहाय्याने आली. आणि कोबॉल व फोर्ट्रान या दोन भाषा मी मुंबईत, एका दूरच्या मामांच्या गॅलरीत सहा महिने झोपून आत्मसात केल्या. या शेवटच्या दोन भाषा संगणकाशी बोलण्याच्या आहेत. समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची वेळ आली की ज्याला एकाएकी स्वतःच्या चपला न्याहाळाव्याशा वाटतात, अशा माझ्यासारख्या मुलाला त्या फार मानवल्या. संगणक मध्येच तोंड घालत नाही. "जरा मोठ्यानं बोल की रं!" असं तर कधीच म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. या चारही भाषांपैकी एकीतही मला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे.

१९८१ साली मी साजगावच्या एका नळ्यांच्या कारखान्यात प्रोग्रॅमर म्हणून लागलो. घर खालापूरच्या अलीकडच्या एका वाडीत. सायकलने पाऊण तास. कारखान्यातले बहुतेक कामगार आसपासच्या गावांतले, म्हणजे वर्षातले अकरा महिने कामगार आणि जुलैत शेतकरी! भाताची आवणी आली, वाफ्यात वाढवलेलं रोप उपटून खाचरांत लावायची वेळ झाली, की भट्टीवरची माणसं बाष्पासारखी नाहीशी होत. भट्टी थंड, गोदाम रिकामं, आणि फाटकावर एकटा पहारेकरी; तोही रजेचा अर्ज हातात धरून!

जूनच्या अखेरीस मॅनेजरसाहेब स्वतः कँटीनमध्ये आले.

"यंदा कुणीही परस्पर जायचं नाही! प्रत्येकाला आठ दिवस रजा, पण यादीप्रमाणे. सहा तुकड्या. वीस ऑगस्टपर्यंत सगळ्यांची आवणी उरकेल. यादी संगणक करील. किती दिवस लागतील?"

आणि मी, ज्याने त्या कँटीनमध्ये कधी दुसरा चहा मागितला नव्हता, तो मी उभा राहिलो. कसा, ते अजून कळत नाही.

"दोन दिवस, साहेब!"

सगळं कँटीन माझ्याकडे वळून पाहू लागलं. मी चपलांकडे पाहिलं. पण आत कुठेतरी आषाढातल्या ओढ्यासारखं काहीतरी भरून वाहत होतं. आपल्या माणसांसाठी आपल्या विद्येचा उपयोग! शिवाय मनात एक सुंदर नियमही तयार होता : एका आळीतली दोन माणसं एकाच तुकडीत नकोत. म्हणजे कुठलंही गाव एकदम रिकामं होणार नाही, कुणावर अन्याय नाही. कागदावर तो नियम इतका देखणा दिसत होता की मी तो दोनदा सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

आता आमच्या संगणक विभागाविषयी. तिथे चार माणसं होती आणि दोन धर्म. विभागप्रमुख टिपणीससाहेब कोबॉलचे; वर्कशॉपकडून आलेले दिघेसाहेब फोर्ट्रानचे. कोबॉल म्हणजे लग्नपत्रिका. साधी बेरीज सांगायची तरी आधी स्वतःची ओळख द्यायची, मग घरादाराची, मग सगळ्या सामानाची यादी, आणि मग कुठे 'आपण अगत्य येऊन बेरीज करावी', पूर्णविराम! फोर्ट्रान म्हणजे तार. चार अक्षरं, ज्याला कळलं त्याला कळलं. दोघे साहेब एकाच खोलीत सात वर्षं बसत होते आणि एकमेकांशी पंख्याच्या वेगाखेरीज कशावरही बोलत नव्हते. तिसऱ्या विमलबाई, कार्डांना भोकं पाडणाऱ्या. चौथा मी.

टिपणीससाहेबांनी मला बाजूला घेतलं. "जयवंत, ही माणसांची यादी आहे. माणसांचं काम सभ्य भाषेत व्हायला हवं. कोबॉलात कर."

"हो, साहेब."

पाच मिनिटांनी दिघेसाहेबांनी दुसऱ्या बाजूला घेतलं. "अरे, वाटणी म्हणजे गणित! त्या पाल्हाळात कशाला शिरतोस? फोर्ट्रानात कर, चाळीस ओळींत संपेल."

"हो, साहेब."

सकाळी मी कोबॉलात लिहीत असे आणि दुपारी फोर्ट्रानात. मनाची समजूत घातली होती, की नियम एकच आहे, उत्तर एकच येणार. मग दोघांनाही आपापली यादी मिळेल आणि कुणाचंच मन दुखावणार नाही.

"भाऊ, एकेका माणसाची दोन-दोन कार्डं?" विमलबाईंनी यंत्रावरचे हात थांबवले. "इतकी हिंमत रेशनच्या दुकानात नाही कुणाची!"

तिसऱ्या दिवशी छपाईयंत्रातून कागदाची लांबलचक घडी सरसरत बाहेर आली. पत्र्यावर सर यावी तसा तो आवाज मला गोड वाटला. टिपणीससाहेबांनी आपली यादी ऑफिसच्या फळ्यावर लावली. त्याच क्षणी दिघेसाहेबांनी आपली वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवली. दोन्हींवर ठळक लिहिलं होतं : 'अंतिम'.

दुसऱ्या दिवशी मी फाटकातून आत शिरलो, तो मोरूकाकाने सायकलच धरली. मोरूकाका आमच्याच आळीतला, भट्टीवर कामाला.

"जयवंता, हापिसातल्या कागदावर माजी सुटी दोन जुलैला. वर्कशॉपातल्यावर अकरा आगस्टला. म्या हाय तरी किती जन रं?"

"अकरा आगस्टला काय लावशील?" शेजारच्या चांगोदादाने विचारलं. तोही आमच्याच आळीतला. "रोपाला तवर दाढी येल!"

"तुजं कंदी?"

"माजं बरोब्बर उलटं! तुजं जिकडं दोन, माजं तिकडं दोन."

मी सायकल मोरूकाकाच्याच हातात सोडली. धावत जाऊन दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. नियम एकच होता. पण कोबॉलवाल्यांची रीत अशी की माणूस नावाने ओळखायचा, म्हणून तिथे वाटणी नावांच्या क्रमाने सुरू झाली होती. फोर्ट्रानवाले माणसाला बिल्ल्याच्या क्रमांकाने ओळखतात, म्हणून इथे ती क्रमांकाने सुरू झाली. दोन्ही याद्या निर्दोष होत्या. आणि एकीत जो पहिला, तो दुसरीत कुठेही!

"फोर्ट्रानात माणसं गळून जातात, हे मी सात वर्षं सांगतोय," टिपणीससाहेब पंख्याकडे पाहत म्हणाले.

"कोबॉलात माणूस सापडेपर्यंत निवृत्त होतो," दिघेसाहेब त्याच पंख्याला म्हणाले.

मॅनेजरसाहेबांपुढे प्रकरण गेलं. ते कडक होते, पण संगणकातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते कळू न देण्याबाबत ते विशेष कडक होते. त्यांनी निकाल दिला : दोन नोंदवह्या ठेवा, एक कोबॉलची, एक फोर्ट्रानची. प्रत्येक कामगाराने आपल्याला मान्य असलेल्या भाषेच्या वहीत सही करावी. त्याची रजा त्या यादीप्रमाणे. आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कुणाचीच रजा सुरू होणार नाही!

आणि मग, वाचकहो, फाटकावर सभा सुरू झाल्या. दोन पक्षांच्या! टिपणीससाहेब स्टुलावर चढून म्हणाले, "बंधूंनो, कोबॉल ही साध्या वाक्यांची भाषा आहे! ती सगळं समजावून सांगते!"

समोरच्या स्टुलावरून दिघेसाहेब ओरडले, "फोर्ट्रान कमी बोलते आणि जास्त काम करते!"

"म्हंजी माज्या सासऱ्यावानी!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"आन् कोबॉल?"

"सासूवानी!"

चार दिवसांत हे लोण फाटकाबाहेर गेलं. शिळफाट्यावरच्या चहाच्या दुकानात कोबॉलवाल्यांचं बाक वेगळं झालं. ज्यांनी जन्मात संगणक पाहिला नव्हता, ते त्याच्या भाषेवरून गळपट्टी धरू लागले. एका गावात तर भागी नावाच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न अडलं. मुलीच्या बापाने निरोप धाडला, "पोरगा निर्व्यसनी हाय, पन घरानं फोर्ट्रानचं निगालं. आमाला इचार करावा लागंल."

मी सायकल आडवाटेने नेऊ लागलो. आडवाटेला दोन्ही बाजूंना चिखलणी झालेली खाचरं पडलेली असत, आभाळ पोटात घेऊन. रिकामी. चार जुलै उलटला होता, सह्या पुऱ्या नव्हत्या म्हणून पहिल्या तुकडीचीही रजा अडली होती, आणि एकाही खाचरात हिरवी काडी उभी नव्हती. पाहून मन उदास होई.

घरी त्याहून अवघड होतं. आमच्या आळीत पाच घरांची सावड आहे. एक दिवस एका घराचं शेत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. सगळी पाचही घरं मिळून. प्रत्येक घराने एक गडी आणि एक बाई द्यायची. गडी नांगरामागे आणि रोपाच्या मुठी वाहायला, बाई लावायला. ज्या घराचा गडी गेला नाही, त्याच्या शेतावर कुणी येत नाही. यात राग नसतो. तो रिवाजच आहे. आणि आमच्या घरातला गडी म्हणजे मी. बाबांचा गुडघा मागच्या वर्षी बांधावरून पडून कामातून गेला होता.

पाच घरांचे गडी एकाच वेळी मोकळे असले तरच सावड चालते. आणि मी, याच आळीत वाढलेला मी, संगणकाला स्वच्छ अक्षरांत सांगितलं होतं की एका आळीतली दोन माणसं एका वेळी सोडू नकोस! मोरूकाकाने कोबॉलात सही केली होती आणि चांगोदादाने फोर्ट्रानात, केवळ दोघांना एकाच दिवशी सुटी मिळावी म्हणून. उरलेल्या दोन घरांना कुठल्याही भाषेत जमत नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळे आमच्या ओटीवर जमले. गोदूकाकी सगळ्यांत आधी बोलली. सावडीतल्या बायकांची ती मुकादम. तिच्या पुढे पुरुषही जपून बोलत.

"पोरा, तुज्या त्या मशीनला सांगितलं नाय व्हय, भात एकट्यानं लावत नाय म्हनून?"

"विसरलो, काकी."

"तुमचं रोप किती दिसांचं झालं, आबाजी?" तिने बाबांना विचारलं.

"अठरा," बाबा म्हणाले. ते तेवढंच बोलत.

"एकवीस-बावीसच्या आत लागाय पायजे. पिवळं पडलं मंग काय उपेग?" ती माझ्याकडे वळली. "बरं, आमचं ऱ्हाऊ दे. तुजी सुटी कंदी हाय?"

मी मनातल्या मनात दोन्ही याद्या चाळल्या.

दोनशे आठ कामगारांची प्रत्येकी दोन कार्डं मी लिहून दिली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याचं दिलं होतं. पेन्शनीला आलेल्या माळ्याचं दिलं होतं. माझं स्वतःचं कार्ड मी केलंच नव्हतं! ते राहिलं आहे हेही कधी जाणवलं नव्हतं. आयुष्यभर कोपऱ्यात उभं राहण्याची सवय. गर्दी मोजताना मी स्वतःला मोजलंच नाही.

"कुठल्याच यादीत नाहीये मी," मी पुटपुटलो.

"आँ?" चांगोदादा पुढे सरकला. "म्हंजी दोन भासांत मिळून येकदा बी नाय?"

कुणी हसलं नाही. मोरूकाकाने नुसता सुस्कारा सोडला. बाबा ओटीवरून उठले, काठी घेतली आणि रोपाच्या वाफ्याकडे लंगडत निघाले. त्यांना तिथे काहीच काम नव्हतं. पाठमोऱ्या बाबांकडे पाहताना मला वाटलं, दोन ओरडून शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी धीर करून मी टिपणीससाहेबांपुढे उभा राहिलो.

"साहेब, माझं नाव राहून गेलं. मला रजा हवी होती."

त्यांनी चष्मा पुसला. "घालू की! आजच्या आज घालू. पण आधी आमच्या वहीत सही कर. विभागातलाच माणूस सही करत नाही म्हणून लोक हसतात मला."

मी सही केली. पण कोबॉलात नावाप्रमाणे माझी रजा आली दुसऱ्या तुकडीत, आणि त्या तुकडीत मोरूकाकाही नाही, चांगोदादाही नाही. एकट्याची रजा घेऊन मी करणार काय? दारातच दिघेसाहेब उभे होते.

"ऐकलं मी," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांच्या नादी लागू नकोस. इकडे सही कर, नियम वाकवून पहिल्याच तुकडीत सोडतो तुला. चांगोबरोबर. तू मुळात आमचाच रे, गणिताचा माणूस!"

त्यांच्या आवाजात इतकी माया होती, की मी तिथेही सही केली.

दुपारी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर दोन्ही वह्या गेल्या. मला धरून कामगार दोनशे नऊ. सह्या दोनशे दहा!

आम्हा तिघांना बोलावणं आलं. टिपणीससाहेबांनी माझी सही पाहिली, मग दुसऱ्या वहीतली पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा मी त्यांच्या देवघरात चपला घालून गेलो होतो. दिघेसाहेब तर खिडकीबाहेरच पाहू लागले. सात वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे माझ्यावर.

"नक्की कुठले तुम्ही?" मॅनेजरसाहेब गरजले. "कोबॉल की फोर्ट्रान?"

"साहेब," मी म्हणालो, आणि कसं कोण जाणे, मान वर करून म्हणालो, "आमचं रोप एकोणीस दिवसांचं झालंय."

"काय झालंय?"

"रोप. भाताचं. वडिलांचा गुडघा अधू आहे. सगळे मिळून गेलो तरच लागतं. माझा नियमच चुकला, साहेब. कुठल्याही भाषेत लिहिला तरी तो चूकच आहे."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. क्षणभर मला वाटलं, साहेब विरघळले. मग त्यांच्या नाकपुड्या फुगल्या.

"म्हणजे ह्या नियमावर मी दहा दिवस कारखाना नाचवला? चालते व्हा! आठ दिवस कामावर तोंड दाखवू नका!"

आणि इतरांना जरब बसावी म्हणून त्यांनी ताबडतोब सूचना टाइप करवली : 'जो कामगार दोन्ही नोंदवह्यांत सही करील, त्यास त्या दिवसापासून आठ दिवस कामावर घेतले जाणार नाही.' तीन प्रती. एक ऑफिसच्या फळ्यावर, एक वर्कशॉपात, एक फाटकावर.

मी सायकल हातात धरून फाटकाबाहेर आलो. डोळ्यांत पाणी होतं. पाऊस असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही, एवढीच सोय. मागे मोरूकाका आणि चांगोदादा सूचनेपुढे उभे होते. विमलबाई त्यांना ती वाचून दाखवत होत्या.

"आठ दिस?" मोरूकाकाने विचारलं.

"आठ दिवस," विमलबाई म्हणाल्या.

"सही केल्या दिसापासनं?"

"तसंच लिहिलंय."

"आन् सगळ्यांस्नी ह्योच कायदा?"

"जो कामगार करील त्याला. छापीलच आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात कोबॉल नव्हतं की फोर्ट्रान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मला विमलबाईंनी सांगितलं, कारण मी तिथे तोंड दाखवू शकत नव्हतो. सातच्या भोंग्याला नोंदवह्यांपुढे रांग लागली होती, ती फाटकातून बाहेर पडून साजगावच्या रस्त्याला लागली होती! कोबॉलचे लोक फोर्ट्रानच्या वहीवर तुटून पडले होते आणि फोर्ट्रानचे कोबॉलच्या. टिपणीससाहेबांना आधी वाटलं, सत्याचा विजय झाला. ते स्वतः पेनात शाई भरून देत होते. पलीकडे दिघेसाहेब प्रत्येकाशी हस्तांदोलन करत होते. "मला माहीत होतं, एक ना एक दिवस तुम्हाला पटेल!"

"लई पटलं, साहेब!" सही ठोकून माणूस बाहेर, की थेट शेताच्या रस्त्याला!

दहा वाजेपर्यंत एकशे ऐंशी सह्या दोन्हीकडे झाल्या. मॅनेजरसाहेबांपुढे दोनच वाटा होत्या : आपली सूचना मागे घेणं, किंवा एकशे ऐंशी माणसांना आठ दिवस घरी पाठवणं. ते शब्दाचे पक्के होते. आणि शब्द टाइप केलेला होता, तीन प्रतींत.

भट्टी थंड झाली. पहारेकऱ्यानेही अकराच्या सुमारास दोन सह्या केल्या.

विमलबाई म्हणाल्या, रिकाम्या विभागात आता दोघे साहेब समोरासमोर बसून एकाच डब्यातलं जेवतात, आणि सगळ्यांना एकदम रजा मिळाली ती कुणाच्या भाषेमुळे, यावर भांडतात. निदान पंख्याशी बोलणं तरी बंद झालंय.

आमचं शेत तिसऱ्या दिवशी लागलं. रोप बावीस दिवसांचं. शेंडे नुकते पिवळे पडू लागले होते. पाच घरांचे पाच गडी, पाच बाया. मोरूकाका नांगरामागे, चांगोदादा आणि मी मुठी वाहत होतो. गोदूकाकीचा हात चिखलात असा चाले की पाण्यावर हिरवी ओळ आपोआप उमटत जाते आहे असं वाटावं. दुपारी हौसेने मीही खाचरात उतरून लावायला वाकलो. काकी माझ्या मागे-मागे येत होती. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं, तर मी लावलेली प्रत्येक काडी ती शांतपणे उपटून पुन्हा लावत होती.

"तू मुठीच आन, बाबा," ती म्हणाली. "त्येच्यात तुजा हात बरा हाय."

सूर्य डोंगराआड कलला तेव्हा शेवटचं खाचर भरलं. बाबा बांधावर काठी टेकून उभे होते. सकाळपासून ते एक अक्षर बोलले नव्हते. चिखलाने माखलेला मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. समोर सगळं शेत ओलं, हिरवं, वाऱ्यावर जरासं हलणारं. मला फार काही बोलायचं होतं. क्षमा मागायची होती, साहेब किती रागावले ते सांगायचं होतं, आणि आठ दिवसांनी कुठल्या तोंडाने परत जाऊ ते विचारायचं होतं.

बाबांनी वाकून कडेची एक पिवळी काडी निरखून पाहिली, बोटांनी सरळ केली आणि म्हणाले,

"मानूस चांगला हाय तुजा साहेब. फकस्त पुढल्या साली जरा चार दिस आदी रागवा म्हनावं."